नाव मागायला आलेला लेइवुर

माझी आई थुरीदुर कुणाच्या बापाला भीत नसे. वादळ आलं की वाळत टांगलेले मासे एकटी उतरवायची, आणि मेंढा अंगावर आला तर त्याची शिंगं धरून त्यालाच शिव्या घालायची. मेलेल्यांशीही ती तशीच बोलायची. आमच्या आइसलँडात मेलेल्यांशी बोलावंच लागतं. घरात कुणा बाईला दिवस गेले की मेलेलं माणूस त्या बाईच्या स्वप्नात येतं आणि बाळासाठी आपलं नाव पुढे करतं. ते नाकारलं तर मूल सुखी होत नाही.

आईचा भाऊ लेइवुर समुद्रात बुडाला होता. माझा भाऊ पोटात असताना तो तिच्या स्वप्नात आला. बुडालेली माणसं येतात तसा निथळत आला आणि बाकावर बसला. आई सांगायची, "मी विचारलं, कॉफी हवी की नाव? तर म्हणाला, नाव." म्हणून माझा भाऊ लेइवुर झाला.

हे नाव फार जुनं. हजार वर्षांपूर्वी नॉर्वेहून आमची माणसं उघड्या होड्यांतून इथे आली, तेव्हा मेंढ्यांबरोबर हे नावही आलं. अर्थ साधाच आहे: मागे उरलेला, वारस. पण विचार केला की माझ्या अंगावर काटा येतो. देव बदलले, राजे बदलले, आणि हे नाव मात्र मेलेल्याच्या तोंडून बाळाच्या कानात असं चालतच राहिलं. आईला असलं कौतुक नव्हतं. म्हणायची, "उरलेला म्हणे! एक तरी उरला का?"

माझा भाऊ मोठा झाला, त्याचं लग्न झालं, आणि एका उन्हाळ्यात तो मासेमारीला गेला आणि होडी परतलीच नाही. एक फळीसुद्धा सापडली नाही. त्याची बायको दाग्नी तेव्हा पोटुशी होती. मग आईचं रोजचं सुरू झालं. सकाळी चूल पेटली की दाग्नीला विचारायचं, "स्वप्नात आला का गं?" दाग्नी नाही म्हणायची, की आई भडकलीच. मुलखाचा आळशी, जिवंतपणी कधी वेळेवर आला नाही, आता काय येतोय, असं बडबडत वाळक्या माशाला लोणी फासून पोटभर खायची. मला तिचा भयंकर राग यायचा. पोटच्या पोराच्या मरणाची एवढी कसली घाई, म्हणून मी तिच्याशी कडाकडा भांडलेही.

ख्रिसमसच्या तोंडावर मुलगा झाला. बाप्तिस्मा होईपर्यंत नाव फोडायचं नसतं, त्यामुळे दाग्नीला कुणी काही विचारलं नाही. चर्चमध्ये आमच्या खाडीकाठची सगळी वस्ती जमली. पाद्रीबाबांनी बाळाचं नाव विचारलं.

"लेइवुर," दाग्नी म्हणाली.

जिवंत बापाचं नाव आमच्याकडे मुलाला देत नाहीत. सगळे काय ते समजले. माझा भाऊ गेला होता. आई बाकाला धरून उठली.

"कधी आला होता?" तिने विचारलं.

"मेंढ्या डोंगरावरून उतरवल्या, तेव्हाच."

"आणि मला रोज नाही म्हणून सांगत होतीस?"

"आई, नाही म्हटलं की तुम्ही जेवायचात."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. आई नावासाठी विचारतच नव्हती. ते "नाही" कानावर पडावं म्हणून विचारत होती. आणि ही विशीतली पोर छातीवर धोंडा ठेवून, रोज सकाळी ते तिला देत होती. एवढं मोठं मन मी कुणाचं पाहिलं नाही.

आई दाग्नीच्या अगदी जवळ गेली. सगळ्या खाडीला धाकात ठेवणारा तिचा आवाज मला जेमतेम ऐकू आला.

"फार भिजला होता का गं?"

"नाही, आई. कोरडा होता. केससुद्धा कोरडे होते."

आईने बाळाला उचलून पोटाशी धरलं, पाद्रीबाबांच्या पुढ्यातल्या पाण्यात बोट घालून पाहिलं आणि म्हणाली, "हे गार आहे. माझ्या लेइवुरला गार पाणी लावायचं नाही."

पाद्रीबाबा पाणी कोमट करून आणायला गेले.