पहिले दोन आकडे

भाऊजी गेल्याचा फोन आला तेव्हा मी अकोल्यात त्यांच्याचसाठी पाटवड्या थापत होते. सकाळच्या गाडीने ते अमरावतीहून यायचे होते. जेवायचं आणि मग दोघांनी करसल्लागाराकडे जायचं, असा बेत होता. ताई फोनवर एवढंच म्हणाली, "तुये भाऊजी निघालेच नाईत वं... चप्पल घालाले बसले, ते बसलेच." त्या पाटवड्यांचं पुढे काय केलं, मला आठवत नाही.

भाऊजी मूळचे मध्य प्रदेशातल्या बैतूलचे. शेवयांची हातयंत्रं बनवायचा त्यांच्या वडिलांचा छोटा कारखाना तिथे होता. ताईचं लग्न ठरलं तेव्हा आमच्या मामी "पोरगी परराज्यात देऊन राहिले" म्हणत रुसून बसल्या होत्या. ते ऐकून नवरदेव मांडवातच म्हणाले, "मामी, सातपुडा उतरलं का तुमचंच आंगन. कायचं परराज्य?" घरात मराठी, शाळा हिंदी, त्यामुळे बोलताना मध्येच 'लेकिन' यायचं आणि आम्ही बहिणी खिदळायचो. लग्नानंतर थोड्याच वर्षांत ते अमरावतीला राहायला आले, कारण त्यांच्या यंत्राची गिऱ्हाइकं सगळी इकडचीच. गोदामाच्या ओट्यावर मांडी घालून स्वतः शेवया पाडून दाखवायचे. तिवसा, चांदूर रेल्वेकडच्या बायका तोंडाला पदर लावून हसायच्या आणि यंत्र घेऊन जायच्या. उन्हाळा आला की आमच्या घरची खाट, दोऱ्या, सगळं त्यांच्या शेवयांनी भरलेलं असायचं.

मग देशभर एकच कर आला, जीएसटी. सगळे तसंच म्हणत होते, आणि भाऊजींनी ते शब्दशः खरं मानलं, इथेच घात झाला. फर्मची नोंदणी बैतूलची. माल तिथून अमरावतीच्या गोदामात यायचा, विक्री गोदामातून व्हायची, बिल मात्र बैतूलच्या नंबरावर फाटायचं. कर तिकडे, मुदतीच्या आधी, चोख. अमरावतीत माल ठेवून अमरावतीतच विकायचा तर महाराष्ट्राचा वेगळा नंबर लागतो, हे त्यांच्या गावीही नव्हतं. नंबर दुकानाबाहेर दिसला पाहिजे असा नियम कुणीतरी सांगितला, तेवढा मात्र त्यांनी मनापासून पाळला. पेंटरकडून हातभर पाटी रंगवून घेतली, पिवळ्यावर काळी अक्षरं, रस्त्यावरून वाचता यावीत अशी.

आणि रस्त्यावरूनच ती वाचली गेली. त्या नंबराचे पहिले दोन आकडे राज्याचे असतात. तेवीस म्हणजे मध्य प्रदेश, सत्तावीस म्हणजे महाराष्ट्र. करखात्याच्या एका अधिकाऱ्याने गाडी थांबवली, आणि चौकशी होऊन गोदामाला सील लागलं. चार दिवसांनी पेपरात चौकट आली, 'परराज्यातील व्यापाऱ्याची करचोरी'. नाव छापलं नव्हतं, पण गल्लीला ते सांगावं लागलं नाही.

मी अमरावतीला गेले तर भाऊजी तो पेपर मांडीवर घेऊन बसलेले. "मास्तरीण, चोर म्हटलं, म्हनू दे. लेकिन परराज्यातला काहून म्हटलं वं? येवढी वर्सं मी कोठं राहून राहिलो?" मी शाळेत शिकवते म्हणून ते मला मास्तरीण म्हणायचे.

नंतर अकोल्याच्या सल्लागाराकडे त्यांना मीच घेऊन गेले. तो सज्जन माणूस. म्हणाला, "काका, तुम्ही भरला हे खरं. पण इथे नाही भरला. तिकडचा परत मागा, इथला दंडासकट भरा." भाऊजी म्हणाले, "साहेब, चोर लपते. मी त नंबर रंगवून दारावर लावला. चोर पाटी लावते काय?" सल्लागार चष्मा पुसत बसला.

त्या दिवसापासून माणूस आतून विझत गेला. शेजारणी यंत्र दुरुस्तीला घेऊन यायच्या, तर ताईला म्हणायचे, "नाई म्हन, घरी नाई म्हन." फक्त एकदा उठले. महाराष्ट्राच्या नंबरासाठी अर्ज केला तेव्हा सल्लागार म्हणाला होता, मधलं बहुतेक तेच राहील, सुरुवातीचे दोन आकडे तेवढे नक्की बदलतील. भाऊजींना धीर कुठला! त्यांनी पेंटर बोलावला आणि तेवीस पुसून घेतलं. सत्तावीस आलं की लगेच भरू म्हणाले. मला फोनवर हेच सांगितलं, आणि आवाज कितीतरी दिवसांनी पूर्वीचा वाटला... त्याच आशेवर ते अकोल्याला यायला निघणार होते.

तेराव्यानंतर मी सल्लागाराला विचारलं. तो हळू आवाजात म्हणाला, नंबर माणसाच्या नावाचा असतो मॅडम, माणूस गेला की अर्जही गेला. दंडाची नोटीस मात्र जात नाही, ती आता ताईच्या नावाने आली आहे. त्यातही 'परराज्यातील' आहेच. मला देवाचा राग येतो, सरकारचा येतो, आणि रागाने काही होत नाही हे कळून जास्तच येतो.

गेल्या आठवड्यात ताईबरोबर गोदामाकडे गेले. सील तसंच आहे, पाटीही. ताईने पदराने तिच्यावरची धूळ पुसली आणि सुरुवातीच्या कोऱ्या पिवळ्या जागेशी तिचा हात थांबला.

"इथं आता काय लिहाचं वं?" ती म्हणाली.

मी तिला धरून घरी आणलं.