संयोगिताची साक्ष

राधानगरीच्या वरच्या अंगाला जोतीराम चौगल्यांच्या दोन म्हशी आणि थोडी भातशेती. त्यांची थोरली पोरगी संयोगिता निमलष्करी दलात भरती झाली, तेव्हा गावानं तिची उघड्या जीपमधून मिरवणूक काढली. तिला वाटलं होतं, सीमेवर पाठवतील. प्रशिक्षण संपलं आणि तिची तुकडी बंडखोरांचा बीमोड करायला छत्तीसगडच्या जंगलात गेली.

तिथं बंडखोर दिसायचेच नाहीत. दिसायची ती वर्दी बघून लेकरं उचलून रानात पळणारी माणसं. एकदा वाटेतल्या सुरुंगात तिची मैत्रीण अनुजा हिचा पाय गेला. त्याच रागात तुकडी जवळच्या पाड्यात शिरली. बायकांना एका बाजूला रोखून धरायचं काम संयोगिताकडं होतं. झडतीत काही सापडलं नाही, तेव्हा जवानांनी भाताच्या कणगीला काडी लावली. एक म्हातारी आगीकडं धावली. संयोगितानं तिला कवेत आवळून धरलं. म्हातारी तिच्या हातावर नखं रुतवत राहिली, आणि वर्षभराचं भात दोघींच्या डोळ्यांसमोर जळून गेलं.

चौकशी लागली. "आग बंडखोरांनी लावली म्हणायचं," अधिकाऱ्यानं सगळ्यांना बजावलं. संयोगितानं घडलं तेच सांगितलं. कारवाई कुणावरच झाली नाही. तुकडीनं मात्र तिच्याशी बोलणं टाकलं. दवाखान्यातून अनुजाचा फोन आला. "माझा पाय गेला, आणि तू त्यांच्या बाजूनं बोललीस?" संयोगितानं राजीनामा दिला, तो मंजूर होईना.

रजेवर आली तर शाळेत सत्कार ठेवलेला. ती गळ्यात हार घालून बसली. घरी आल्यावर आईला म्हणाली, "मला परत जायाचं न्हाय."

बनाबाईंचा भाकरी थापायचा हात थांबला. "मग जाऊ नगंस की."

"न्हाय गेलं तर फरारी ठरवतील. पोलीस दारात येतील."

जोतीराम उंबऱ्यावर बसले होते. "आन् गावाला काय सांगायचं?" ते खालच्या आवाजात म्हणाले. बनाबाईंनी नवऱ्याकडं नुसतं बघितलं.

रजा संपली तशी ती गेली. आता ती छावणीच्या फाटकावर पहारा देते. बाजाराला निघालेल्या पाड्यातल्या बायका तिला बघून रस्ता सोडून रानातून जातात, आणि जेवताना तिच्या शेजारची जागा रिकामी राहते. राजीनामा तिनं पुन्हा दिलाय.

"कधी सोडत्यात गं?" बनाबाई फोनवर विचारतात.

"सांगत न्हाईत," ती म्हणते आणि म्हशींची चौकशी करते.