मामांचं सर्टिफिकेट

शेवगाव तालुक्यात माझ्या बायकोच्या मामांइतके प्रश्न आजवर कुणी विचारले नसतील, आणि उत्तर मिळाल्यावर त्यांच्याइतका आनंदही कुणाला झाला नसेल. लोक प्रश्न विचारतात ते बहुधा समोरच्याला अडवायला किंवा आपलं ज्ञान दाखवायला. मामांना खरोखरच उत्तर हवं असायचं. ते कान देऊन ऐकत, खिशातून एखाद्या जुन्या लग्नपत्रिकेचा कोरा भाग काढत आणि त्यावर चौकोन आणि बाण काढू लागत. चौकोन म्हणजे काम आणि बाण म्हणजे ते काम पुढे जाण्याची वाट. त्यांच्या घरी गेलेल्या कुठल्याही लग्नपत्रिकेची पाठ कोरी राहिली नाही. मामा साखर कारखान्याच्या शेतकी खात्यात लिपिक होते. उसाच्या नोंदी ठेवायच्या आणि तोडणीच्या व गाड्यांच्या पाळीच्या चिठ्ठ्या लिहायच्या, एवढंच त्यांचं काम. पण एखादी गोष्ट जशी होते तशीच का होते, हे कळल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे.

माझी त्यांची ओळख झाली ती मी मुलगी बघायला गेलो तेव्हा. पोह्यांच्या बश्या फिरल्या, माझा पगार, माझी शाळा, आमचं गाव हे सगळं विचारून झालं. मग कोपऱ्यात बसलेले, पांढरी टोपी मांडीवर ठेवलेले एक गृहस्थ पुढे सरकून म्हणाले, "मास्तर, तुम्हाला लग्न कशासाठी करायचंय?" माझे काका खाकरले. मी जे होतं ते सांगून टाकलं. म्हणालो, "घरी बोलायला कुणी नाही." मामांनी ते कागदावर टिपून घेतलं. त्यांनी आत जाऊन भाचीला काय सांगितलं, ते मला लग्नानंतर समजलं. ते म्हणाले होते, "याला हो म्हण. आजवर आलेल्यांत गरज सांगणारा हा पहिलाच. बाकीच्यांनी नुसत्या मागण्या सांगितल्या." मागणी आणि गरज यांतला हा फरक मामांनी पुढे मला किती वेळा समजावला, त्याची गणती नाही. माझ्यापुरती ती गरज मात्र पुरेपूर भागली. बायकोसमोर मी आजही फारसा बोलत नाही, कारण संधीच येत नाही.

मामांच्या या चौकोन-बाणांबद्दल मामींची मात्र तक्रार होती. एका रविवारी मामांनी स्वयंपाकघरात स्टूल टाकलं आणि मामी चहा करताना कुठून कुठे जातात ते पाहत बसले. नंतर त्यांनी खडूने फरशीवर बाण काढले. चुलीपासून मांडणीपर्यंत, मांडणीपासून माठापर्यंत, आणि परत चुलीपर्यंत. साखरेचा डबा डावीकडे आणला तर चार हेलपाटे वाचतील, असं त्यांचं म्हणणं होतं. मामींनी चहाचा कप त्यांच्या हातात दिला, दुसऱ्या हातात ओलं फडकं दिलं आणि म्हणाल्या, "अहो, चहा प्या अन् बाण पुसा. रांगोळीची एवढी हौस असंल तर दारात काढा, लोक तरी बघतील." मामांनी बाण पुसले. साखरेचा डबा मात्र आठवड्याभराने डावीकडे आलेला मी स्वतः पाहिला. मामींना तसं म्हटलं तर म्हणाल्या, "उजवीकडं मुंग्या लागत्यात."

कारखान्यात संगणक येणार, अशी बातमी नव्वदनंतरच्या एका दिवाळीच्या सुमारास आली. त्यासाठी 'सिस्टिम अ‍ॅनालिस्ट' असं नवीन पद निघणार होतं. मामांनी त्या शब्दांचा अर्थ माझ्याकडून तीनदा काढून घेतला. काम कसं चालतं ते बघायचं, ते करणाऱ्यांना विचारायचं, कुठे अडतं ते शोधायचं आणि मग यंत्राने काय करावं ते ठरवायचं. मी सांगत गेलो तसे मामा लग्नपत्रिकेवर टिपत गेले. शेवटी म्हणाले, "म्हणजे जावईबापू, मी जे फुकट करतो अन् शिव्या खातो, त्याला जगात हुद्दा आहे?" पंचवीस वर्षं लिपिक म्हणून काढलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर मी तेव्हा जे पाहिलं, ते विसरणं शक्य नाही. आपण विक्षिप्त नाही, आपला एक व्यवसाय आहे आणि त्याला नाव आहे, हे त्यांना वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी कळलं होतं. निवृत्त होण्याआधी ते नाव आपल्या नावापुढे लागावं, एवढंच त्यांना तेव्हापासून हवं होतं.

त्या पदासाठी सर्टिफिकेट लागत होतं. नगरला एसटी स्टँडजवळ एका कापडदुकानाच्या माडीवर संगणकाचा वर्ग चाले. तिथून मामा एक गुळगुळीत माहितीपत्रक घेऊन आले. त्यावर टाय लावलेला एक हसरा गोरा माणूस होता आणि खाली सर्टिफिकेटचे फायदे छापले होते. बढती मिळेल, वरिष्ठांचा विश्वास वाढेल, कामात आत्मविश्वास येईल, जगात कुठेही नोकरी करता येईल. मामांनी ते पाठ केलं. भेटेल त्याला ते हे फायदे समजावून सांगत, आणि सांगताना आमच्या भागाच्या मापात बसवून घेत. एकदा रसवंतीवर उभे असताना एकाने विचारलं, "भाऊसाहेब, जगात कुठंबी म्हंजे कुठं?" कारखान्यात आणि गावात लिपिकाला भाऊसाहेबच म्हणतात. मामा जराही न हसता म्हणाले, "कुठंही. अगदी पाथर्डीलासुद्धा."

मग दर रविवारी सकाळच्या एसटीने मामा नगरला जाऊ लागले. वर्गात सगळी विशीतली मुलं. ती त्यांना काका म्हणत आणि पहिल्या बाकावर बसवत. पुस्तकं इंग्रजीत होती, म्हणून शनिवारी संध्याकाळी ते शब्दांची यादी घेऊन माझ्याकडे येत. 'युजर' या शब्दाला मी 'वापरणारा' म्हणालो, तेव्हा त्यांनी मान हलवली. "वापरणारा नाही, भोगणारा म्हणा. आमच्या हापिसातले फॉर्म कुणी वापरत नाही. भोगतात." मी भाषेचा शिक्षक, पण तो शब्द मी त्यांच्या वहीत त्यांच्या म्हणण्याप्रमाणे लिहिला.

पहिल्या परीक्षेत मामा नापास झाले. एका हॉटेलच्या खोल्यांच्या नोंदणीसाठी आराखडा काढा, असा मोठा प्रश्न होता. मामांनी उत्तरपत्रिकेत परीक्षकांना नम्र विनंती लिहिली, की हॉटेल कुठलं आहे ते कळवावं, कारण मालक, नोकर आणि उतरणारी माणसं यांच्याशी बोलल्याशिवाय आराखडा काढणं योग्य होणार नाही. खाली सही करून ते वेळेच्या आधीच बाहेर आले. निकाल लागल्यावर ते आठ दिवस आमच्याकडे फिरकले नाहीत. शेवटी वर्गातल्या मुलांनीच त्यांची समजूत काढली. "काका, या वेळी मालक भेटलाय असं धरून चाला. लई चांगला माणूस हाय, सगळं सांगितलं त्यानं." पुढच्या खेपेला मामांनी 'मालकांशी चर्चा झाली असे गृहीत धरून' अशी सुरुवात करून बारा पानं लिहिली, आणि पास झाले. सर्टिफिकेट आलं त्या दिवशी मामींनी पुरणपोळी केली. "काय फायदा ह्या कागदाचा, ते बघूच," असं म्हणत त्यांनीच ते देवघराच्या शेजारी खिळा ठोकून लावलं.

मुलाखतीला मामा इस्त्रीचे कपडे घालून गेले. तिथे काय झालं, ते त्यांनीच मला सांगितलं. संचालकांनी काही विचारायच्या आत मामांनी वही उघडली आणि विचारलं, "साहेब, आपल्याला कॉम्प्युटर नेमका कशासाठी पाहिजे?" संचालक एकमेकांकडे बघू लागले. मग एक वयस्कर संचालक प्रामाणिकपणे म्हणाले, "शेजारच्या कारखान्यानं आणलाय ना." मामांनी ते लिहून घेतलं. गरज क्रमांक एक: शेजारच्या कारखान्यात आहे. लिहिताना ते मोठ्याने वाचायची त्यांना सवय होती, तिथे घात झाला. ते पद कर्जतच्या, पुण्याला शिकलेल्या एका इंजिनिअर मुलीला मिळालं. मुलगी हुशार होती, मामांनीही ते कधी नाकारलं नाही. पण त्यानंतर बरेच दिवस त्यांच्या खिशात लग्नपत्रिका दिसली नाही.

गळीत हंगाम सुरू झाला आणि संगणकाने पाळीच्या चिठ्ठ्या छापायला घेतल्या. कोणत्या गावाहून निघालेली उसाची बैलगाडी किती वाजता पोहोचेल, याचा त्यात चोख हिशोब होता. जवळच्या गाड्या आधी, लांबच्या नंतर, म्हणजे कारखान्याच्या गाडीतळावर गर्दीच होणार नव्हती. प्रत्यक्षात रोज दुपारी चारला सगळ्या गाड्या एकदम येऊन थडकत, आणि मग पाच-पाच तास बैल जू मानेवर घेऊन उभे राहत. त्या मुलीने सगळी आकडेमोड पुन्हा तपासली, ती बरोबर निघाली. तेव्हा ती मामांच्या टेबलापाशी आली, समोर खुर्ची ओढून बसली आणि म्हणाली, "काका, गाड्या एकदम का येतात?" मामा म्हणत, की एवढ्या वर्षांत त्या हापिसात त्यांना कुणीतरी 'का' असं विचारलं ते त्या दिवशी पहिल्यांदा.

ते तिला घेऊन कारखान्याच्या वाटेवरच्या पाटावर, म्हणजे कालव्यावर, गेले. त्या वाटेवर बैल खाली उतरून पाणी पिऊ शकतील असा उतार एकाच जागी होता. जवळची गाडी असो की लांबची, पाण्यासाठी तिथेच थांबायची. मामांनी एका गाडीवानाला विचारलं, "तुझी पाळी दोनची ना? मग थांबलास कशाला?" तो गाडीवान टोपी मागे सारत म्हणाला, "भाऊसाहेब, बैल तान्हेलेला हाय. अन् म्होरं चढ हाय. एकट्यानं गाडी अडकली तर ढकलायला कोन येनार? समदे आले की मिळून निगतो." मुलगी ऐकत उभी होती. मामा तिला म्हणाले, "मॅडम, मशीनला अंतर माहीत आहे. बैलाची तहान माहीत नाही." मग कारखान्याने चढावर मुरूम टाकला आणि पाटाच्या अलीकडे वाटेवर सिमेंटचा एक पाण्याचा हौद बांधला. पंधरा दिवसांत गाडीतळ मोकळा झाला. संगणकात एका अक्षराचाही बदल करावा लागला नाही.

त्या वेळी त्या मुलीने स्वतः आग्रह करून मामांकडून अर्ज लिहून घेतला. पगार वाढवू नये, खुर्ची बदलू नये, फक्त कागदोपत्री आपला उल्लेख सिस्टिम अ‍ॅनालिस्ट असा व्हावा, अशी त्यात विनंती होती. तिने त्यावर शिफारस लिहिली. संचालक मंडळाने शेरा मारला, 'पुढील सभेत विचार व्हावा.' मामांनी वाट पाहिली. पुढच्या सभेत निवडणुकीचा विषय होता, त्याच्या पुढच्या सभेत पावसाचा. मध्ये ती मुलगी पुण्याला निघून गेली. मामा निवृत्त झाले तेव्हाही तो अर्ज पुढच्या सभेत होता. निरोपाच्या दिवशी त्यांना नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं. त्यांच्याविषयी जो कागद वाचून दाखवला, त्यात ते लिपिक होते. घरी येताना ते मला एवढंच म्हणाले, "अजून सभा व्हायच्यात म्हणा." निवृत्तीनंतरही दर महिन्याला ते मला सभा कधी आहे ते विचारत. माझा एक विद्यार्थी कारखान्यात होता, मी त्याच्याकडून काढून सांगत असे.

मामा अठ्ठ्याण्णव सालच्या उन्हाळ्यात, बसल्या जागी, वर्तमानपत्र वाचता वाचता गेले. घरात लिहितावाचता जावई मीच, म्हणून निधनाची छोटी जाहिरात देण्याचं काम माझ्याकडे आलं. आमच्याकडे अशा जाहिराती बाजारपेठेतला एक स्टेशनरीवाला घेतो. त्याने फॉर्म पुढे केला आणि विचारलं, "हुद्दा काय लिहू सर?" मी म्हणालो, "निवृत्त लिपिक." त्याने लिहिलं, रकाना मोजला आणि म्हणाला, "ओळीत अजून दोन शब्द बसत्यात. काय घालायचं का? तेवढ्याच पैशात हाय." मी मुलांना आयुष्यभर खरं तेच लिहायला शिकवलेला माणूस. मी म्हणालो, "नको. राहू द्या."

दुसऱ्या दिवशी मामींनी ती जाहिरात चष्मा लावून, एकेक अक्षर जुळवत वाचली. मग घडी घालून ती मांडीवर ठेवली आणि म्हणाल्या, "बरोबर लिहिलंत. लिपिकच व्हते." त्यांच्या आवाजात राग नव्हता. त्या उठल्या आणि आलेल्या बायकांसाठी चहा ठेवायला आत गेल्या.

अर्ज पुढच्या सभेवर ढकलणाऱ्या त्या संचालकांना मी मनातल्या मनात फार बोललो आहे. पण मामांच्या अर्जावरची शेवटची सभा त्या स्टेशनरीच्या दुकानात भरली होती, आणि तिला मी एकटाच हजर होतो.