वकीलमामा आणि गोव्याचं पुस्तक

काळजी करण्यात आमच्या वकीलमामांचा हात धरणारा माणूस अख्ख्या मावळात झाला नाही. वडगावच्या कोर्टात जायला ते तळेगाव स्टेशनात तासभर आधी येऊन बसत, आणि गाडी आली की ती हीच का म्हणून चौघांना विचारत. पण त्यांची खरी काळजी कायद्याची. एका लग्नाला गोव्याला गेले आणि येताना पोर्तुगीजांच्या दिवाणी कायद्याचं जाडजूड पुस्तक घेऊन आले. पोर्तुगीजचं एक अक्षर येत नव्हतं, तरी ते देव्हाऱ्याशेजारी ठेवलेलं. "सगळ्या मुलखाला एक पुस्तक," ते म्हणत. "रोमन लोकांपासूनची रीत. लेकीचा वाटा छापलेला, बाप रागावला तरी पुसता येत नाही. आणि आपल्याकडे? ह्या जातीची रूढी काय, त्या गावात आजोबांनी काय केलं, मुंबईच्या जज्जानं कधी काय म्हटलं!" हिंदूंच्या वारशाचाही एकच कायदा व्हायचा आहे असं पेपरात आलं, तेव्हा मला वाटलं, मामा आता पेढे वाटणार. तर ते आणखीच काळजीत पडले. "पुस्तक होईल रे, पण उघडणारे हात तेच. फौजदारीचं पुस्तक इंग्रजांनी केलंच की. तरी आम्ही कलम बाजूला ठेवून मागचे निकाल धुंडाळतो. चूल नवी मांडली म्हणून स्वयंपाक बदलतो होय?"

गंमत म्हणजे ह्या गृहस्थांचं स्वतःचं घर मागच्या निकालांवरच चाले. मामींनी एकदा आमटीत चिंचेऐवजी आमसूल घातलं, तर मामा हात आखडून म्हणाले, "आपल्यात असं पूर्वी कधी झालंय?"

ह्याच वाक्यात घरातलं मोठं दुखणं अडकलं होतं. मामी गेल्या, आणि एकुलती लेक, आमची ताई, विधवा होऊन माहेरी आली. वडिवळ्याची भातशेती आणि तळेगावचं घर मामा आणि त्यांचे थोरले भाऊ आबा यांचं एकत्र. मामा तसेच गेले असते तर सगळं आबांकडे आणि त्यांच्या मुलांकडे जाणार, ताईच्या डोक्यावर हक्काचं छप्परसुद्धा नाही. वाटणी करून मृत्युपत्र लिहिलं की झालं. दुनियेच्या वाटण्या करून देणाऱ्याला हे ठाऊक नव्हतं थोडंच? पण आबांपुढे तोंड उघडेना. "आमच्यात वाटणी झालीच नाही कधी. नवा कायदा आला की मला बोलावंच लागणार नाही." छातीत दुखायला लागलं तरी ते कायद्याचीच वाट बघत बसले. मला त्यांचा भारी राग यायचा, आणि ताईकडे बघून धास्ती वाटायची.

शेवटी एका रविवारी ताईला आणि त्यांना घेऊन मी वडिवळ्याला आबांकडे गेलो. पानं वाढली तसे मामा रोमन लोकांपासून सुरू झाले. गोव्यापर्यंत येईतो भात गार झाला. आबा म्हणाले, "वकील, जेव आदी. रोमन काय पळून जात न्हाईत." मामांना घाम फुटला. तेव्हा वाढता वाढता ताईच म्हणाली, "आबा, वडिलांच्या माघारी मला घर राहत नाही. वाटणी करा."

आबांचा हात ताटातच थांबला. "चूल येगळी कराया आलाय व्हय," एवढंच म्हणाले, आणि त्यांचे डोळे भरून आले. मग मामांकडे वळले. "पोरीला बोलाया लावलंस. तुला वकील कशाला केला रं?"

"आपल्यात पूर्वी कधी झालं नव्हतं, आबा."

"मग आता झालं. पण दसऱ्याला जेवाया हितंच यायचं."

वाटणी झाली, मृत्युपत्र झालं, आणि पुढच्या भातलावणीच्या सुमारास मामा गेले. नवा कायदा अजून येतोच आहे. परवा तळेगावला गेलो तर ताईच्या ओटीवर नाणे मावळातली एक बाई लेकीला घेऊन बसली होती. "दीर म्हनत्यात, लेकीला वाटा द्यायचा रिवाज न्हाई," ती सांगत होती. "पर वडिवळ्याच्या वकिलानं लेकीला घर दिलं म्हनं. तेवढं येऊन सांगाल का त्यास्नी?"

मला हसू आलं. आयुष्यभर मागच्या निकालांवर चिडलेले माझे मामा आता स्वतःच दाखला होऊन बसले होते. ताईनं देव्हाऱ्याशेजारच्या पुस्तकाकडे पाहिलंसुद्धा नाही.

"येते की," ती म्हणाली. "सांगते त्यांना, आमच्यात झालंय."