राधानगरीच्या वळणावरचं पाणी

गाडी विकायची हे मी ठरवलं होतं, यांनी नव्हे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना कुणी माझी कीव करायला नको.

जीप होती आमची. माझ्या मिस्टरांनी ती वीस वर्षं चालवली. एरवी उचगाव ते कोल्हापूर वडाप, म्हणजे रस्त्यात हात करेल त्याला घ्यायचं आणि दार लागेनासं होईपर्यंत माणसं भरायची. सुट्टीच्या दिवसांत मात्र पुण्या-मुंबईची कुटुंबं घेऊन राधानगरी, दाजीपूर. त्या रस्त्यावरची धरणं, तलाव, दऱ्या यांनी किती लोकांना दाखवल्या असतील त्याची गणती नाही. मला एकदाही दाखवल्या नाहीत. माझी सुट्टी असायची तेव्हाच यांचा धंदा असायचा, म्हणून राहून गेलं. भांडण वगैरे काही नव्हतं त्यात.

मी शाळेत मराठी शिकवते. माहेर-सासर दोन्हीकडं मिळून कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. वडील हमाली करायचे, त्यांना सही यायची नाही. मी बी. ए. झाले, बी. एड. झाले, आणि मला त्याचा गर्व आहे. तो मी कधी पदराखाली झाकला नाही. इतकी वर्षं वह्या तपासून एक सवय हाडात मुरलीय, चूक दिसली की लाल रेघ. घरातही तेच. हे सातवी पास. मला 'मास्तरीणबाई' म्हणतात, आणि रागात असले की नुसतं 'बाई'.

साखरेनं यांचा उजवा डोळा दोन वर्षांपूर्वी गेला. तेव्हाच मी ड्रायव्हिंग स्कूलच्या छोट्या गाडीवर शिकून घेतलं, सेहेचाळिसाव्या वर्षी; जीपला मात्र कधी हात लावला नव्हता. यंदा होळीच्या सुमारास डॉक्टरांनी डाव्याचंही सांगितलं. इंजेक्शनं झाली, लेझर झालं, आता करण्यासारखं काही उरलेलं नाही. आहे ती नजर थोडे महिने राहील.

दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना हे म्हणाले, "त्या डॉक्टरच्या पाटीवर इंग्रजी अक्षरं हायत. सातवी पास माणसाला नापास करणारच की त्यो."

"मराठी पाटीबी लावलीती," मी म्हटलं. "वरचं एकच अक्षर वाचलंसा तुम्ही."

"एक तर वाचलं का न्हाई?"

मे महिन्यात मी गिऱ्हाईक बघितलं. शिवाजी पेठेतले एक गृहस्थ सोमवारी गाडी बघायला येणार होते. शनिवारी जेवणं झाल्यावर यांनी अट घातली.

"बाई, माझी परीक्षा माझ्या पाटीवर घे. उद्या मला राधानगरीला न्हे. धरणाच्या पुढं दाजीपूरच्या वाटंला एक वळण हाय. तिथं मी पावण्यांस्नी उतरवायचो फोटो काढायला. तिथनं मला पाणी दिसलं तर गाडी ऱ्हाईल. न्हाई दिसलं तर सोमवारी माझ्या हातानं किल्ली देतो."

"ठेवून करायचं काय तिचं?"

"माझ्या दारात माझी गाडी उभी असंल. तू कशाला पंचायत करतीस?"

मी हो म्हटलं. का म्हटलं तेही लिहिते. हे नापास होणार याची मला खात्री होती. घरात आदळआपट न होता गाडी जाईल, असा माझा हिशेब होता. बायको नवऱ्याला धरण दाखवायला निघाली यात जेवढं गोड दिसतं, तेवढं ते गोड नव्हतं.

सकाळी सीट पुढं घ्यायची म्हटलं तर हलेना. हे चांगले उंच, मी पाच फूट. वीस वर्षं सीट एकाच खाचेत बसलेली. खालचा खटका दोन्ही हातांनी उपसला तेव्हा कर्रकर्र आवाज करत ती चार खाचा पुढं आली. हे शेजारी बसून पट्टा चाचपत होते. त्या बाजूला ते बहुधा कधी बसलेच नव्हते.

"मोडशील," म्हणाले.

"न्हाई मोडत."

रंकाळा तलावाच्या कडेनं जाताना हे लगेच बोलले, "दिसतोय, दिसतोय." मग आपणच म्हणाले, "पर हे धरायचं न्हाई. रंकाळा डोळं झाकूनबी दिसतोय."

पुढं राधानगरी रोडला लागल्यावर मात्र यांनी मला थक्क केलं. "गतिरोधक आला, तिसऱ्यावर टाक." गतिरोधक यायचा. "आता उतार, मग डावं वळण, मोटरसायकलवाली आंगावर येत्यात हितं, हॉर्न दे." तसंच व्हायचं. हळदी गेलं, भोगावती आली. मला वाटलं, डॉक्टर चुकला की काय! मग एका जागी हे म्हणाले, "डाव्या हाताला मोठा वड बग. त्याच्याखाली बाकडं हाय. लई गार सावली." मी बघितलं. रस्ता रुंद करताना वड तोडला होता. बुंधासुद्धा शिल्लक नव्हता, नुसती मुरमाची पट्टी उन्हात तापत होती. हे रस्ता बघत नव्हते, पाठ म्हणून दाखवत होते.

मी गप्प बसले. समोर चूक दिसून रेघ न मारण्याची ती माझी पहिली वेळ असावी.

राधानगरीच्या आधी आडवाटेनं धामोडला गेलो, तुळशी नदीच्या धरणावर. तिथं पाणी होतं, आणि दहाचं ऊन त्यावर पडलेलं. हे कठड्याला हात लावून बराच वेळ उभे राहिले. मान तिरकी करून डोळ्याच्या कोपऱ्यातनं बघत होते.

"चकाकतंय," म्हणाले. "आनि त्या अंगाला काळं काळं काय तरी हलतंय. म्हशी हायत व्हय गं?"

म्हशी होत्या. खरोखरच होत्या, सात-आठ म्हशी नाकापर्यंत पाण्यात डुंबत होत्या. परीक्षा यांची होती आणि कठडा मी घट्ट धरून उभी होते.

"व्हय, म्हशीच हायत," मी म्हटलं.

"किती मार्क, मास्तरीणबाई?"

"पेपर अजून संपला न्हाई."

तिथल्या चहाच्या गाड्यावर एक बाई होत्या. त्यांनी यांना आवाजावरनं ओळखलं. "पावणं, तुम्ही जीप घिऊन यायचासा न्हवं? आज वैनी चालवत्यात?"

"मी रिटायर झालो," हे म्हणाले. "बी. ए. पास ड्रायवर ठेवलीया."

"पगार काय देताय?"

"पगार न्हाई. उलट बोलणी खातोय."

त्या बाई हसल्या, मीही हसले. यांनी बिनसाखरेचा चहा बशीत ओतून प्यायला आणि एक थेंब सांडला नाही. मला तेव्हा पहिल्यांदा वाटलं, दिसू दे यांना पाणी. राहू दे गाडी दारात. कोंबड्या बसू देत तिच्यात, पण राहू दे.

राधानगरी ओलांडली, धरण मागं टाकलं. दाजीपूरच्या रस्त्याला लागल्यावर झाडी दाट झाली, आणि हे बोलायचे थांबले. वळणं मोजत असावेत. मग म्हणाले, "हितं. बाजूला घे."

मी गाडी लावली. हे आपले आपण उतरले, बॉनेटवर हात ठेवून पुढून फिरले आणि बरोबर रस्त्याच्या कडेच्या दगडापाशी जाऊन थांबले. खालून वारा येत होता. यांनी टोपी काढली.

"आई शप्पत!" म्हणाले. "बग की. किती पाणी! हिरवंगार. आनि वाऱ्यानं लाटा कशा पळत्यात बग, हिकडनं तिकडं. दिसत्यात मला. लाटा दिसत्यात, बाई!"

मी त्यांच्याजवळ जाऊन उभी राहिले.

खाली मका होता.

धरणाचं पाणी उन्हाळ्यात मागं सरतं, आणि उघड्या पडलेल्या ओल्या गाळात काठची माणसं जनावरांसाठी मका, ज्वारी पेरतात. गाळपेर म्हणतात तिला. पाऊस पडून पाणी परत चढायच्या आत वैरण कापून न्यायची. यांना हे माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. पण यांच्या काळात या वळणाखाली भर मे महिन्यातसुद्धा पाणी असायचं. आता ते पार दूर गेलं होतं आणि लोकांनी त्याच्या मागोमाग पेरत नेलं होतं. वारा आला की मक्याची पानं एकदम उलटायची, पांढुरकी व्हायची, आणि ती पांढरी रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत पळायची. हे खोटं बोलत नव्हते. यांना जे दिसलं तेच हे सांगत होते.

आजूबाजूला कुणी नव्हतं. 'व्हय, लई पाणी हाय' एवढं म्हटलं असतं तर पुरलं असतं. वडाच्या वेळी गप्प बसले होते तशी इथंही बसू शकले असते. पण हे माझ्याकडं तोंड करून हसले, आणि म्हणाले, "आता पुढच्या आयतवारी मी चालवतो. ह्यो रस्ता मोकळाच असतोय."

"अवो," मी म्हटलं, "ते पाणी न्हाई. मका हाय."

यांचं हसू लगेच गेलं नाही. तोंडावर तसंच राहिलं थोडा वेळ, विसरल्यासारखं.

"कुणी पेरला?"

"काठच्या लोकांनी. गाळपेर हाय."

"हितवर?"

"व्हय."

"केवढा झालाय?"

"गुडघ्याच्या वर."

यांनी मान हलवली. "मग आजून पंधरा दिवस. नंतर कापतील." थोडं थांबून विचारलं, "आनि पाणी कुठं हाय?"

"लांब हाय. खाली. वढ्यासारखी एक पट्टी दिसती."

मान तिरकी करून, पुन्हा सरळ करून, हातानं ऊन अडवून यांनी बघितलं.

"ती मला दिसत न्हाई," म्हणाले. आणि टोपी घातली.

दाजीपूरपर्यंत गेलोच नाही. परतताना यांनी एकही गतिरोधक सांगितला नाही आणि मी दोन ठिकाणी जोरात आदळवली. भोगावतीच्या अलीकडं हे म्हणाले, "तू गप ऱ्हायली असतीस तर?"

"तर पुढच्या आयतवारी तुम्ही गाडी बाहेर काढली असतीसा."

"काढली असती," म्हणाले. "व्हय. काढलीच असती."

मी बरोबर होते. त्याचं काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही. खरं बोलल्यावर हलकं वाटतं असं मी वर्गात मुलांना सांगत आले. त्या दिवशी रंकाळ्यापाशी सिग्नलला थांबले तेव्हा मी मान वळवून यांच्याकडं बघत बसले, आणि यांना ते दिसत नव्हतं.

आता दिवाळी झालीय. डाव्या डोळ्याला खिडकी कुठं आहे एवढं कळतं. हे सकाळी उठून आवरतात आणि दाराशी खुर्ची टाकून बसतात. वडाप गेली की हॉर्नवरनं कुणाची ते सांगतात. मी शाळेतनं येते तेव्हा तिथंच असतात. जेवताना मी ताटात काय कुठं वाढलंय ते सांगते, हे हुं म्हणतात. मास्तरीणबाई म्हणत नाहीत. रागातलं बाईसुद्धा म्हणत नाहीत.

मे महिन्यातल्या त्या सोमवारी ते गृहस्थ ठरल्याप्रमाणं आले होते. यांनी शब्द पाळला. किल्ली खिशातनं काढून स्वतः त्यांच्या हातात दिली, क्लच जरा वर आहे, रिव्हर्स दाबून टाकावा लागतो, सगळं नीट सांगितलं. ते गृहस्थ आत बसायला गेले तर त्यांचे गुडघे स्टेअरिंगला अडकले. "कोण बसत होतं हो हितं? ल्हान पोर का?" म्हणाले, आणि खाली वाकून खटका ओढला.

कर्रकर्र करत सीट मागं गेली. एक, दोन, तीन, चार.

यांनी आवाजाच्या दिशेनं मान वळवली. "हां," म्हणाले, "आता बसली जाग्यावर." मग माझा दंड धरायला हात पुढं केला, तो भलतीकडंच गेला, आणि मी सरकून त्याच्याखाली जाऊन उभी राहिले.