मुळ्या मारोतीची माय

आम्ही नव्या घरात राहायला आलो, त्याच्या दुसऱ्याच दिवशी एक म्हातारी फाटकाशी येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "तू सांबारात राह्यते का व?"

मला वाटलं, बाईचं डोकं फिरलंय. वऱ्हाडात सांबार म्हणजे कोथिंबीर, एवढं मला अमरावतीची असल्यामुळं ठाऊक होतं. पण कोथिंबिरीत माणूस राहतो कसा, हे ठाऊक नव्हतं. तिनं हातातल्या काडीनं आमच्या पोर्चपासून शेजारच्यांच्या टाकीपर्यंत हवेत एक रेघ ओढली. "इथून तं तिथलोक सांबार. त्याच्या पल्याड मेथी. तो माडीवाला हाय ना, तो वांग्यात राह्यते." मग माझ्याकडं नीट पाहून म्हणाली, "तुह्या सयपाकघराखाली ओल हाय. तिथं पाट फुटे नेहमी." पुढं पावसाळ्यात आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीला पापुद्रे आले, तेव्हा मी नवऱ्याला म्हटलं की गवंड्याला दोष देऊ नका, पाट फुटलाय.

तिचं नाव पार्वताबाई. सगळे तिला माय म्हणत. अकोल्याच्या कडेला जिथं आमचं ले-आऊट पडलं, ते तिचं वावर, म्हणजे शेत. जात माळ्याची, सासऱ्यापासून भाजीपाला आणि झेंडू. नवरा गेल्यावर मुलांनी वाटणी केली आणि वावर ले-आऊटवाल्याला दिलं. मुलगे पुण्याकडं गेले. मायनं मात्र मधल्या एका प्लॉटवर टिनाच्या दोन खोल्या उभ्या करून घेतल्या आणि तिथंच राहिली. मुलांवर राग होता का, असं मी एकदा विचारलं. "राग कायले?" ती म्हणाली. "घरी चूल वेगळी झाली का वावरात बी धुरे-बांध पडतेच. फकस्त याच्यात बिल्डिंगा उगवल्या, इतकंच."

प्लॉट नंबर तिला कधीच कळले नाहीत. पार्सल घेऊन येणारे लोक तिला पत्ता विचारत आणि ती त्यांना मनापासून मेथीत, नाहीतर भेंडीत पाठवून देई. एकदा माझ्यासाठी आलेली पुस्तकं घेऊन एक माणूस घामाघूम होऊन आला आणि म्हणाला, "मॅडम, इथं कांद्याचं शेत कुठं आहे? त्याच्या बाजूला तुम्ही राहता म्हणे." मी त्याला पाणी दिलं.

तिची ही खोड गावाबाहेरही सुटत नसे. माझ्या भावाच्या लग्नाला मी तिला अमरावतीला घेऊन गेले होते. आमचं माहेर राजापेठेत; दारातून पाय बाहेर टाकला की कुणाच्या तरी स्कूटरवर पडतो. माय गॅलरीत उभी राहून बराच वेळ खाली पाहत होती. मग माझ्या वडिलांना तिनं विचारलं, "भाऊ, इथं पह्यले काय पेरत होते जी?" वडील म्हणाले, "इथं तर पहिल्यापासून दुकानंच आहेत." माय हसली. "दुकानं काय उगवते का?" जेवताना वडील मध्येच थांबून म्हणाले, "खरंच, काय पेरत असतील?" आणि मग वरण मागितलं.

ले-आऊटच्या मधोमध 'ओपन' होतं. म्हणजे ओपन स्पेस. नियमाप्रमाणं सोडावी लागते ती मोकळी जागा. आमच्याकडं लहानथोर सगळे तिला नुसतं ओपन म्हणतात. त्या ओपनमध्ये मायची विहीर होती आणि विहिरीभोवती मोठाले कडुनिंब. नकाशात ती जागा हिरव्या रंगानं रंगवलेली होती. माय म्हणे, "हिरवं-बिरवं काही नाई व. इहिरीचा प्लॉट कोनी घेत नव्हतं, म्हनून सोडला."

कारण काहीही असो, ती सुटली हे आमचं नशीब. अकोल्याचा उन्हाळा ज्यानं काढला नाही त्याला तो सांगून कळायचा नाही. टाकीतलं पाणी दुपारी हाताला पोळतं आणि पलंगावरची चादर इस्त्री केल्यासारखी लागते. नळ आला तर आला, नाहीतर पुढच्या आठवड्यात. अशा दिवसांत संध्याकाळी ओपनमध्ये शिरलं की अंगावरचं ऊन कुणीतरी उतरवून घेतल्यासारखं वाटायचं. सगळ्या बायका तिथं जमायच्या. दुपारी त्या निंबांची सावली सरकत सरकत मायच्या टिनांवर जायची, म्हणून तिच्या खोल्यांत पंख्यावर भागायचं. पावसाळ्यात रस्त्यांवरचं पाणी उतारानं त्या विहिरीकडं धावायचं आणि आमच्या घरांत शिरायचं राहायचं. हे सगळं तेव्हा आम्ही फुकटात वापरत होतो आणि त्याला काही नाव आहे असं कुणालाच वाटत नव्हतं.

मग बातमी आली की ओपनमध्ये हॉल होणार. कुणा पुढाऱ्याच्या मनात आलं होतं. लग्नं, वाढदिवस, शिबिरं, सगळं तिथं. माणसं फीत घेऊन आली, चुन्याच्या रेघा पडल्या. विहीर बुजणार, झाडं जाणार, हे सरळ होतं. माय त्या दिवशी माझ्याकडं येऊन ओट्यावर बसली. "लोकायले मोकळं पाह्यवत नाई," ती म्हणाली. "मोकळी जागा दिसली का त्यायचे हात शिवशिवते." मी म्हटलं, अर्ज करू. आम्ही केला. तो कुठं गेला, ते अर्जालाच माहीत.

शनिवारी सकाळी माय पुन्हा आली आणि वाटीभर तेल मागितलं. मला वाटलं भाजीला. थोड्या वेळानं मी शाळेला निघाले, तर विहिरीपाशी ती खाली बसून एका धोंड्याला शेंदूर फासत होती. तो धोंडा मी रोज पाहत होते. विहिरीच्या कडेला पडलेला, मधे जरा पोटासारखा फुगलेला. दारापुढच्या वाफ्यातले मुळे ती त्याच्यावर घासून धुवायची. "काय करून राहिली माय?" मी विचारलं. ती मान वर न करता म्हणाली, "परवालोक याच्यावर मुळे धुतले. आजपासून हा मारोती." मी हसले, तर तीही हसली. "हस तू. देवाले हात कोन लावते, सांग मले."

तिचं बरोबर निघालं. चुन्याच्या रेघा मारणारी माणसं आली, शेंदूर पाहिला, चपला काढून नमस्कार केला आणि निघून गेली. पुढारी निवडणुकीच्या तोंडावर मारुतीशी वैर घेईना. हॉल दुसऱ्या ले-आऊटमध्ये गेला. त्या संध्याकाळी मायनं सगळ्या बायकांना मुरमुऱ्याचा चिवडा वाटला. तिला इतकं खूश मी आधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही नाही.

आता इथपर्यंतच गोष्ट असती तर मी ती वर्गात मुलांना सांगितली असती.

वानखडे साहेब वांग्यात राहायचे. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, स्वभावानं अतिशय चांगले, कुणाच्याही दवाखान्याला रात्रंदिवस उभे. त्यांनी मारुतीला बोललेला नवस फळला. मुलीचं लग्न जमलं. त्यांनी धोंड्याखाली ओटा बांधला. दुसऱ्या कुणी ओट्यावर टिन टाकलं. टिनावर निंबोळ्या पडून घाण होते, पाखरं बसतात, म्हणून एक निंब तोडला. मग समिती झाली. समिती झाली की काम लागतं, म्हणून सभामंडप निघाला. त्याच्या पायाला मुळ्या आड येत होत्या, तेव्हा बाकीचे निंबही गेले. भक्तांचे पाय चिखलात भरू नयेत म्हणून साऱ्या ओपनमध्ये सिमेंटचे गट्टू बसवले. पोट्टेसोट्टे खेळताना पडतील म्हणून विहिरीवर स्लॅब टाकला आणि स्लॅबवर गाभारा घेतला, कारण जागा तीच मध्यावर होती. यातला एकही माणूस वाईट नव्हता. प्रत्येकानं जे केलं ते श्रद्धेनंच केलं. मी शोधूनही मला कुणावर चिडता येत नाही, हीच पंचाईत आहे.

माय पहिल्यापासून विरोध करत होती. "झाडाले हात लावू नका, मारोतीले सावली लागते," असं तिनं आधी देवाच्याच भाषेत सांगून पाहिलं. वानखडे म्हणाले, "माय, आपण त्याले पक्की सावली देऊ. आरसीसी." शेवटी सभामंडपाच्या उद्घाटनाला त्यांनी तिला व्यासपीठावर बसवलं, शाल पांघरवली, श्रीफळ दिलं आणि माईक हातात दिला. मारोती पहिल्यांदा हिलाच दिसला, म्हणून मान हिचा.

मायनं माईक तोंडाला लावला आणि सगळ्यांसमोर सांगून टाकलं. "हा देव नाई बाप्पा. माहा मुळे धुवाचा धोंडा हाय. हॉल होऊ नये म्हनून म्याच शेंदूर लावला त्याले. या मास्तरनीच्या घरचं तेल हाय. आता इहीर उघडी करा."

मी उठून म्हटलं, "ती खरं सांगते आहे. त्या शनिवारी तेल मीच दिलं." वानखडे साहेबांचे डोळे भरून आले. त्यांनी माईक घेतला आणि हात जोडून म्हणाले, "ऐका मंडळी! मायले ठाऊक बी नव्हतं आणि देवानं तिच्या हातचं रोज पाणी घेतलं. किती वर्षं! अन् तेल बी बरोबर शनिवारीच मागवलं!" टाळ्यांचा कडकडाट झाला. एक बाई माझ्या पाया पडली.

पुढच्या शनिवारी कुणीतरी मुळा वाहिला. महिन्याभरात फाटकावर पाटी लागली: श्री मुळ्या मारोती संस्थान. आता लांबून, पातूरकडून वगैरे माणसं येतात. हातात मुळ्याची जुडी असते. मूळव्याधीला गुण येतो म्हणतात. बाहेर मुळे विकणारी एक गाडीही उभी असते.

त्या भाषणानंतर माय बोलायची कमी झाली. रुसली नव्हती. विचारलं तर उत्तर द्यायची, चहा दिला तर प्यायची. दारात बसून मंडपाकडं पाहत असायची, म्हणजे डोळे तिकडं असायचे. "देवळात काऊन जात नाही माय?" मी एकदा विचारलं. "तो मले ओयखत नाई," ती म्हणाली, आणि यात गंमत आहे असं तिच्या तोंडावर कुठं दिसलं नाही. कुणी पत्ता विचारला तर आता ती नुसती मान हलवी. पावसाळ्यात गट्टूंवरून वाहत आलेलं पाणी तिच्याच खोल्यांत आधी शिरलं. तिनं खाट विटांवर चढवली आणि वर बसून राहिली. मी तिला आमच्याकडं चल म्हटलं. "सांबारात कुठं मायची जागा हाय," ती म्हणाली. मला तेव्हा वाईट वाटलं असणार. आता आठवायला गेले तर वाईट वाटलेलं आठवत नाही, तिचे पाय तेवढे आठवतात, पाण्याच्या वर धरलेले.

ती वैशाखात गेली. दुपारी दार उघडं दिसलं म्हणून मी डोकावले. टिनाखाली भट्टी झाली होती. पंखा फिरत होता आणि गरम हवा खाली लोटत होता. डॉक्टरांनी ऊन लागलं म्हणून सांगितलं. समितीची सगळी माणसं धावून आली, मंडपातले स्पीकर बंद केले, तिरडीचं सामान आणलं. मुलांचे पुण्याहून फोन येत होते. मुलगी सुनंदा तेल्हाऱ्याहून चार वाजेपर्यंत पोचली. बाळंतपणं, सासूचं आजारपण, यातून दोन-तीन वर्षांत तिचं येणं झालेलं नव्हतं.

आम्ही बायकांनी अंगणात चादरी धरून आडोसा केला. अंघोळ घालायची होती. सुनंदानं रिकामी घागर उचलली आणि आडोशातूनच बाहेर दिली. "कोनी इहिरीचं पानी आना," ती म्हणाली. "मायले इहिरीचंच लागे."

घागर कुणी घेतली नाही. ती तशीच हात लांब करून उभी राहिली. मग चादरीपलीकडून वानखडे साहेबांचा आवाज आला. फार हळू बोलत होते ते. "ताई, इहीर देवाखाली गेली."

सुनंदाला कळलं नाही. तिनं माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवली.

नळाला पाणी नव्हतं. टाक्या कोरड्या होत्या. शेवटी मंदिराच्या पाणपोईवरचा पिण्याच्या पाण्याचा जार आणला, थंडगार, बाहेरून घाम फुटलेला. त्याचं बूच निघेना. दोघांनी ओढलं, मग कुणीतरी सुरी दिली. सुनंदानं पहिला तांब्या ओतला आणि लगेच हात मागं घेतला. "लय थंड हाय व," ती म्हणाली, आणि मायच्या छातीवर पदर टाकून तो दाबून धरला. मग रडायला लागली.

मी रडले नाही. चादरीचं टोक धरून उभी होते. पाणी अंगणातून गट्टूंवर गेलं, थोडं पुढं पळालं आणि तिथंच वाळलं. माझ्या मनात एवढंच आलं की जार परत द्यावा लागतो, आणि तो कुणी नेऊन द्यायचा.