चार आकडे

महाडचा तो फ्लेक्सवाला माऊसला हात लावत नसे. रुंदी, उंची, डावीकडून किती, वरून किती, असे चार आकडे टाइप केले की फोटोतला तेवढाच चौकोन कापून निघे. सरपंचपदाच्या बॅनरसाठी मी शिवथरच्या धबधब्यावरच्या सहलीचा फोटो नेला. त्यातला चुलतभाऊ आता माझ्याविरुद्ध उभा होता, म्हणून तो नको होता.

फ्लेक्सवाल्याने पडद्यावर पट्टी धरली. "त्याचा हात तुमच्या खांद्यावर हाय. हात काढला तर खांदा पण जाईल."

"जाऊ दे."

"काल तुमचा भाऊ हाच फोटो घेऊन आलेला," तो शांतपणे म्हणाला. "तो पण हेच बोलला."

आता नाक्यावर आमचे बॅनर शेजारीशेजारी आहेत. मागचा धबधबा अर्धा माझ्याकडे, अर्धा त्याच्याकडे. तो हात आणि तो खांदा मात्र कुणाकडेच नाही.